पत्रिकेतलं एक्केचाळिसावं नाव

माझ्या प्रोग्राममध्ये चाळीस नावं मावायची. एक्केचाळिसावं टाकायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरांत ‘जागा संपली’ असं यायचं आणि टुंग असा आवाज व्हायचा. तो आवाज मी हौसेनं टाकला होता. केशोरीच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत तो किती जणांची अब्रू वाचवणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आमचं दुकान बसस्टॉपजवळ आहे. झेरॉक्सची बाजू आमच्या यांची, कॉम्प्युटरची माझी. लग्नपत्रिकेचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला आहे, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. सी भाषा मी एका हिंदी पुस्तकावरून शिकले. ते गोंदियाच्या रद्दीत सापडलं होतं आणि त्याची शेवटची पन्नासेक पानं कोणीतरी भजी बांधायला नेली होती. अनुक्रमणिकेत त्या पानांवरच्या प्रकरणाचं नाव तेवढं वाचायला मिळालं, लागेल तशी जागा मागून घेण्याबद्दल काहीतरी. प्रकरणच नाही तर मागणार कशी? म्हणून मी जे पानांवर होतं तेवढंच शिकले. तिथं लिहिलं होतं की किती जागा लागेल ते कॉम्प्युटरला आधीच सांगावं लागतं. मी घरातल्या साऱ्या जुन्या पत्रिका काढून नावं मोजली. सर्वांत मोठी पत्रिका अडतीस नावांची निघाली. मी चाळीस धरली आणि दोन जास्तीची ठेवली म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

आता, आमच्याकडच्या पत्रिकेत काय काय असतं ते तुम्हाला माहीत असेल. वर वधू-वर, मग आईवडील, मग प्रेषक, स्वागतोत्सुक, मामा, काका, मावसे, गावातली मोठी माणसं, आणि सर्वांत खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला जरूर जरूर या’ म्हणणारी पोरं, ज्यांतल्या काहींना अजून दातही आलेले नसतात. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येतो, जेवतो आणि पुढची पंधरा वर्षं बोलत नाही.

पहिल्यांदा ‘टुंग’ वाजला तेव्हा भैयाजी समोर बसले होते. पोराच्या लग्नाची यादी, चव्वेचाळीस नावं. मी ओशाळून म्हटलं, “चाळीसच घेते हो हा.”

भैयाजींनी थोडा वेळ विचार केला. चेहरा हळूहळू उजळला. “घेतच नाही म्हणता?”

“नाही ना.”

“म्हणजे कोणाचं नाव राहिलं तर त्यात आपला काही दोष नाही.” त्यांनी खिशातून पेन काढला आणि चार नावं अशी खोडली की कागद फाटला. त्यात दोन साळे होते. “आता बायकोले सांगतो, कंप्युटरच ‘नाही’ म्हणून राहिला.”

त्यानंतर लोक अर्जुनीचं मोठं प्रेस सोडून माझ्याकडं येऊ लागले. पंचावन्न नावांची यादी घेऊन यायचे, टुंग ऐकायचे, आनंदानं पंधरा नावं खोडायचे. एकदा एक बाई तणतणत आल्या आणि माझ्याशी एक शब्द न बोलता मॉनिटरला शिव्या देऊन गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण त्या महिन्यात अकरा पत्रिका होत्या.

मग फेब्रुवारीत सेवकरामभाऊ शहारे आले. ग्रामपंचायतीत शिपाई. त्यांचं आयुष्य ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगण्यात गेलेलं. स्वतःच्या तोंडानं कोणाला नाही म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. बरोबर पिंकी होती, त्यांची एकुलती एक. तिचंच लग्न. गोंदियाला राहून कॉम्प्युटरचं शिकलेली, आणि तिथंच एका लॅबमध्ये काम करणाऱ्या संघदीप नंदागवळीशी ठरलेलं.

सेवकरामभाऊंनी कागद ठेवला. सुबक अक्षरात, आकडे टाकून, बरोबर चाळीस नावं.

पिंकीनं बोट फिरवत वाचलं. “बाबा, आत्याचं नाव?”

“बसत नाई ना बेटा. चाळीसच घेते हे. विचार काकूले.”

दोघंही माझ्याकडं पाहू लागले. मी म्हटलं, “हो, चाळीसच.” खोटं नव्हतं ते.

“काकू, चाळीस कायले?” पिंकी म्हणाली. “मॅलॉक वापरा ना. जेवढी लागली तेवढी जागा मागायची, काम झालं का परत करायची. दोन ओळींचं काम आहे.”

आता वीस-बावीस वर्षांची पोरगी येऊन माझ्या प्रोग्रामला नावं ठेवते, हे काही मला रुचलं नाही. “पाहू,” मी म्हटलं, “ही पत्रिका होऊ दे.”

बाहेर पडताना पिंकीनं बापाकडं पाहिलं ते मात्र मी पाहिलं. आणि सेवकरामभाऊंनी चप्पल शोधायला फार वेळ लावला, तेही पाहिलं.

कलाबाई म्हणजे सेवकरामभाऊंची मोठी बहीण. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ही सकाळच्या बसनं पिशवी घेऊन माहेरी परत आली, त्याला बावीस वर्षं झाली. पिंकी तीन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि मग पिंकीचं न्हाणं-माखणं, शाळा, ताप, कॉलेज सगळं हिनं केलं. लग्नाकार्यात पंगतीचा भात रांधून. सेवकरामभाऊंनी नावं कशी निवडली ते मला कळत होतं. मुलाकडच्यांना कलाबाईचं प्रकरण ठाऊक नव्हतं. पत्रिकेत ‘कलाबाई शहारे’ आलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, माहेरच्या आडनावाची ही बाई कोण? आणि त्याचं उत्तर सेवकरामभाऊंना द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा कॉम्प्युटर बरा.

दुसऱ्या दिवशी कलाबाई स्वतः आली. पदर खोचलेला, हाताला हळद. आली ती थेट काउंटरच्या आत.

“नंदा, चाळीस कुटी लिवलं हाय ते दाखव.”

“काय?”

“तुह्या कंप्युटरमंदी चाळीस कुटी हायेत? मले पाह्याचं हाय.”

मी प्रोग्राम उघडला. ती ओळ दाखवली. इंग्रजी तिला येत नाही, पण आकडे येतात. तिनं चार आणि शून्यावर बोट ठेवलं. काचेवर पिवळा डाग पडला.

“हे कोनं लिवलं?”

“मी.”

“तूनं?”

“हो.”

“म्हंजे नाई म्हननारा कंप्युटर नाई. तू ‘नाई’ म्हनून रायली.”

झेरॉक्सच्या बाजूनं आमचे हे खोकले. त्यांना हसू दाबताना खोकला येतो.

“मी हजार मानसाचा भात रांधतो,” कलाबाई म्हणाली. “मले कोनी सांगते का किती येतीन ते? बाजूच्या चुलीवर आधन सदा खवळत ठेवतो. पंगत बसली का तांदूळ सोडतो. दुसरी बसली का दुसरा सोडतो. चाळीस झाले, आता टुंग, असं म्हनलं तर लोक मलेच चुलीत घालतीन.”

“साठ करून देते,” मी म्हटलं. “आत्ता करते.”

“मंग एकसठावं कोनीतरी राईन.” ती उठली. “माह्यं नाव नोको टाकू. मी मांगाले नाई आली. पाह्याले आली होती.” दारापाशी जाऊन थांबली. “पिंकी लहान होती तवा मी तिले सांगतलं होतं का तुह्या लग्नात मी मांडवाच्या दारात उभी राईन, फुलं घेऊन. चुलीपाशी नाई. आता ज्याचं नाव पत्रिकेत त्यानंच उभं राहाचं, रीत हाय. जाऊ दे. भाताले तरी कोन पायजेच ना.”

ती गेल्यावर मी बराच वेळ त्या पिवळ्या डागाकडं पाहत बसले. मग जे केलं ते घाईत केलं. पिंकीला फोन करून विचारता आलं असतं. पण मग तिचं बरोबर होतं हे कबूल करावं लागलं असतं. प्रोग्राममध्ये एक ओळ होती, चाळीस झाले की टुंग वाजवून थांबवणारी. मी ती ओळच काढून टाकली. दार काढलं की घर मोठं होतं, असा काहीसा माझा समज.

वधू टाकली, वर टाकला, चाळीस नावं टाकली, आणि एक्केचाळिसावं, ‘कलाबाई शहारे’. टुंग नाही, लाल अक्षरं नाहीत. मी एक प्रत छापली आणि तिच्या तळाशी पाहिलं. शेवटच्या ओळीत कलाबाई ऐटीत बसली होती. मला इतका आनंद झाला की वरचं काही मी वाचलंच नाही. फोटो काढून सेवकरामभाऊंना व्हॉट्सॲपवर पाठवला. ‘तपासून सांगा.’

सेवकरामभाऊंनी तपासलं. म्हणजे यादीतल्या दुर्गाप्रसादजींच्या नावापुढं ‘माजी सरपंच’ आलं की नाही तेवढं पाहिलं. आलं होतं. पत्रिका त्यांनी आधी ‘शहारे परिवार’मध्ये टाकली आणि मग मुलाकडच्या ग्रुपवर.

झालं असं होतं की प्रोग्राममध्ये नावांच्या रांगेला लागूनच मी नवरदेवाच्या नावाची जागा ठेवली होती. चाळीस खुर्च्या आणि त्यापुढं नवरदेवाची खुर्ची. एक्केचाळिसाव्या माणसाला थांबवायला दारात कोणी नाही म्हटल्यावर तो जाऊन नवरदेवाच्या खुर्चीवर बसला. खाली तर कलाबाई होतीच, पण पत्रिकेत वरही ठळक, सोनेरी अक्षरांत छापून आलं होतं:

‘नमो बुद्धाय. चि. सौ. कां. पिंकी हिचा मंगल परिणय चि. कलाबाई शहारे यांचेशी.’

दुपारपर्यंत दोन्ही ग्रुपवर मिळून साठ जणांनी अंगठे टाकले. ‘खूप खूप अभिनंदन.’ ‘जोडी छान.’ कोणाच्या लक्षात आलं नाही. पत्रिकेत माणूस आपलं नाव शोधतो, सापडलं की बंद करतो. नवरदेवाचं कोण वाचतो? शेवटी लक्षात आलं ते संघदीपच्या, कारण त्यानंही आपलंच नाव शोधलं.

त्यानं पिंकीला फोन केला. “तुझं लग्न कोणाशी आहे?”

पिंकी हसत हसत दुकानात आली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. तिच्या मागून सेवकरामभाऊ आले. ते हसत नव्हते.

“बाई, हे काय करून ठेवलं? काऊन टाकलं ताईचं नाव? चाळीसच मावते ना?”

“चाळीसच मावतात,” मी म्हटलं. “म्हणून तर हे झालं.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उदाराम नंदागवळी, संघदीपचे वडील. सेवकरामभाऊंनी घाईत अंगठा दाबला आणि चुकून स्पीकरच लागला.

“जय भीम, सेवकरामजी. पत्रिका भेटली. कागद चांगला दिसून रायला. फक्त एक विचाराचं होतं. आमचा पोरगा येऊ का नाई लग्नाले?”

पिंकीनं ओढणी तोंडात कोंबली.

“जय भीम, जय भीम. चूक झाली साहेब. कंप्युटरनं...”

“ते समजलो मी. मशीन होय, होते. पर हे कलाबाई शहारे कोन होय? आमी पाह्याले आलो तवा असं नाव काई निघालं नाई. त्या दिवशी पोहे घेऊन आली, ते बाई का? तुमी ‘घरचीच हाय’ म्हनले, मी समजलो कामाले असन.”

झेरॉक्स मशीन आमच्या यांनी बंद केलं. सेवकरामभाऊंनी आधी कॉम्प्युटरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. खरं सांगते, त्या क्षणी मी टुंग वाजवला असता. पण तो मी सकाळीच काढून टाकला होता.

“माही मोठी बहीन होय,” सेवकरामभाऊ म्हणाले. आवाज एवढा लहान की पलीकडून “आं?” असं आलं. मग त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. “बहीन होय माही! सासर सोडून आली, बावीस वर्सं झाली. कामाले नाई हाय. पिंकीले तिनंच वाढवलं. मी... मी त्या दिवशी सांगतलं नाई. भेलो.”

पलीकडं कुठंतरी कोंबडी कोकलली.

“मंग तिले खाली पोराटोरायच्या रांगेत काऊन टाकलं?” उदारामजी म्हणाले. “मोठी मानसं वर राहतेत ना. वर टाका. आमची काई हरकत नाई. बस, नवरदेवाच्या जागी नोको.”

फोन ठेवल्यावर सेवकरामभाऊ स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. पिंकी आत्याला आणायला पळाली.

मला वाटलं कलाबाई खुश होईल. ती आली, सगळं ऐकलं, स्वतःला नवरदेव झालेली पाहून एकदा “अगा माय” म्हणाली, आणि मग हाताची घडी घालून उभी राहिली.

“मले नोको हे नाव.”

“ताई, आता काय झालं? ते हो म्हनले ना.”

“ते हो म्हनले. कंप्युटरनं चुकून टाकलं. नंदाले कीव आली म्हून तिनं टाकलं. तू कुटी हायेस ह्याच्यात? तू नाई म्हनला तवाई कंप्युटरच्या आडून म्हनला. आता हो तरी आपल्या तोंडानं म्हन.”

सेवकरामभाऊंनी मान खाली घातली. मग ती चाळीस नावांची यादी ओढून घेतली आणि माझ्याकडं पेन मागितला. लिहिता लिहिता बोलत होते, शाळेत पोरं बोलतात तसं. “कालकथित सुमनबाई व सेवकराम शहारे यांची कन्या... आन... पिंकीची माय म्हनून लिवू का ताई?”

“माय नोको. माय तिची होती, चांगली होती. आत्या लिव. आत्या काई कमी नसते.”

“आडनाव...”

“शहारे. दुसरं कोनतं हाय मले?”

त्यांनी लिहिलं: ‘आणि जिला तिची आत्या कलाबाई शहारे हिने वाढवले ती.’ मोठ्यानं वाचून दाखवलं. कलाबाईनं तो कागद घेतला, उलटा होता तो सरळ केला आणि बराच वेळ पाहत राहिली. “अक्षर चांगलं हाय तुह्यं,” एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी पिंकी माझ्या खुर्चीवर बसली आणि मी स्टुलावर. लग्न पंधरा दिवसांवर आलेली पोरगी मला भज्यांपायी गेलेल्या त्या पन्नास पानांचं शिकवत होती. नाव आलं की त्या नावापुरती जागा मागायची. पुढचं आलं की आणखी मागायची. पत्रिका छापून झाली की सगळी परत करायची, बिछायतवाल्याच्या भाड्याच्या खुर्च्या परत करतो तशी; नाही केली तर पुढच्या लग्नाला मिळत नाही. पहिल्या प्रयत्नात मी परत करायची ओळ विसरले आणि कॉम्प्युटर असा जड होत गेला की माउससुद्धा हलेना. दुसऱ्या प्रयत्नात न घेतलेली जागा परत करून बसले. तिसऱ्यांदा चाललं. आम्ही गंमत म्हणून तीनशे नावं टाकली. अख्खं गाव. घेतली त्यानं.

“दोन ओळींचं काम म्हणाली होतीस,” मी म्हटलं.

“काकू, ते तुम्हाला भीती वाटू नये म्हणून.”

धंद्याचं म्हणाल तर थोडं बसलंच. जागा कितीही आहे म्हटल्यावर लोकांची पंचाईत झाली. लीलाधर नावाचे एक गृहस्थ बासष्ट नावांची यादी घेऊन आले, सगळी बसली, आणि ते रडवेले झाले. “सारे घेतले?” “सारे.” “हे खालचे तीन... जुनं टुंगवालं नाही का आता तुमच्याकडं? त्याचे जास्तीचे देतो.” मी त्यांना पेन दिला आणि सांगितलं, खोडायचं तर तुम्हीच खोडा, आणि कोणी विचारलं तर ‘मीच खोडलं’ असं सांगा. त्यांनी एकही खोडलं नाही.

पिंकीचं लग्न दुपारी बाराचं होतं. मी मांडवाशी पोचले तेव्हा दारातच कलाबाई उभी. जांभळी साडी, केसांत गजरा, हातात गुलाबाच्या फुलांचं ताट. चेहरा मात्र भांडायला निघाल्यासारखा. एक डोळा येणाऱ्यावर, एक मांडवाच्या मागच्या धुराकडं. तिच्या जागी आज भात रांधायला रुख्मा होती, तिच्याच हाताखालची.

“या, या,” ती प्रत्येकाला फूल देत होती. “जेवूनच जाजा. भात मी नाई रांधला, पहिलेच सांगून ठेवतो.”

उदाराम नंदागवळी आले, बरोबर सगळी वरात. त्यांनी हात जोडले. “जय भीम, कलाबाई. ओळखलं का?”

“ओळखलं ना. जय भीम. तुमच्या पोराची जागा मी रिकामी केली, बसवा त्याले.” आणि त्यांच्या हातात दोन फुलं दिली. “भात मी नाई रांधला बरं.”

सेवकरामभाऊ तिच्या बाजूलाच उभे होते. त्यांना कोणी विचारलं की या कोण, तर विचारणारा पुढं निघून गेला तरी ते सांगत होते.

दुसरी पंगत बसली आणि मागून ओरडा आला. “कलाबाई! आधन सरलं! तांदूळ किती सोडू?”

तिचा पाय उचलला गेला, मी पाहिलं. ताट माझ्या हातात द्यायला तिनं अर्धं पुढंही केलं. मग मागं घेतलं.

“रुख्मे, मले नोको विचारू!” ती दारातूनच ओरडली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. “माह्यं नाव पत्रिकेत हाय!”

आणि पुढच्या पाहुण्याला फूल दिलं.

भात खरंच कच्चा होता. मी दोनदा घेतला.